दाजींची केबल

लग्नांचं शूटिंग मिक्स करून द्यायचं काम मी शिरूरला घरीच करते. त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गच्च भरली. एक लग्न कॉपी करायचं तर आधी दुसरं कुणाचं तरी पुसावं लागे, आणि ज्याचं पुसलं त्याचाच नेमका फोन येई. शेवटी दुसरी डिस्क आणली. कॅबिनेटचं झाकण काढून बघते तर तिला वीज द्यायला आत मोकळी वायरच नव्हती. आमच्या पॉवर सप्लायच्या वायरी सुट्या असतात, लागेल ती खोचायची. उरलेल्या वायरींची पिशवी घर बदलताना कुठं गेली देव जाणे.

दुकानदार म्हणाला, "ह्याच मॉडेलची केबल मागवावी लागंल. जरा थांबा."

मी थांबलेही असते. पण दौंडला आमचे दाजी असतात, थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेतून रिटायर झालेले. ताई गेल्यापासून घरात एकटेच, त्यामुळं मी अधूनमधून फोन करते. त्या दिवशी बोलता बोलता केबलचं तोंडातून निघून गेलं.

"मागवतीस कशाला? माझ्या जुन्या कॉम्प्युटरात तसलीच हाय. यिऊन घिऊन जा."

"पण दाजी, कंपनी वेगळी असंल."

"वायरीला कसली आलीय कंपनी? लाल, पिवळी, काळी. सगळीकडं सारखंच असतंय."

भर उन्हात एसटीनं दौंडला गेले. दाजींनी केबल काढूनच ठेवली होती, वर जेवायला घातलं आणि कॉम्प्युटर कसा जपावा यावर भाषणही दिलं. संध्याकाळी घरी येऊन केबल लावली. एक टोक पॉवर सप्लायमध्ये, दुसरं डिस्कमध्ये. दोन्हीकडं टक् करून बसलं. मनात म्हटलं, दाजींचं यावेळी तरी खरं निघालं.

बटण दाबलं. पंखा जरासा फिरला आणि थांबला. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. नवी डिस्क काढून पुन्हा चालू केलं तर कॉम्प्युटर नीट चालू झाला. जुन्या डिस्कवरची लग्नं सुखरूप होती, पण नवी कोरी डिस्क एकही फाईल न बघता संपली होती.

दाजींना फोन केला. वाटलं, निदान हळहळतील.

"डिस्कच खराब दिली आसंल दुकानदारानं," ते म्हणाले. "माझी केबल इतकी वर्षं चालली. मी उद्या येतो, दाखवतो तुला."

खरंच आले. रविवार होता, आमचे हे घरीच होते. चहासुद्धा न घेता दाजींनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली डिस्क काढली, त्यांच्या कॉम्प्युटरातली.

"ही लाव. चालली की कळंल चूक कुणाची ती."

"ह्याच्यात काय आहे, दाजी?"

"फोटो हायेत. तुझ्या ताईचे, घरातले सगळे."

"दुसरीकडं कुठं कॉपी?"

"न्हाई. कशाला?"

तोवर त्यांनी टेबलावरची कालची केबल उचललीही होती. मी सरळ त्यांच्या हातातली केबल ओढली. त्यांनी दुसरं टोक सोडलं नाही. साठी उलटलेला माणूस आणि मी, टेबलाशी उभं राहून वायर ओढतोय.

"बसतीय ना बराबर? मग चालणारच की," ते म्हणाले.

"कालपण बसलीच होती."

आवाज ऐकून हे बाहेर आले. रांजणगावला कंपनीत मेन्टेनन्सला असतात, घरीही व्होल्ट मोजायचा मीटर असतो. त्यांनी आम्हा दोघांच्या हातातून केबल काढून घेतली आणि डिस्क न जोडता नुसती पॉवर सप्लायला लावली. कॉम्प्युटर चालू करून डिस्ककडच्या टोकावर मीटर धरला.

"दाजी, हितं या. लालवर पाच व्होल्ट पाहिजेत. किती दिसतंय?"

दाजींनी चष्मा सारखा केला. "बारा."

"तुमच्या सप्लायच्या कंपनीनं पिना एका क्रमानं जोडल्यात, आमच्या सप्लायच्या कंपनीनं दुसऱ्या क्रमानं. खोबण तेवढी सारखी. डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्यांचं एकच असतं, सप्लायच्या बाजूला ज्याची त्याची तऱ्हा."

असं असेल तर तोंडं तरी वेगळी करायची. एकाची दुसऱ्याला बसणारच नाही अशी. एवढ्या हुशार माणसांना हे सुचू नये याचा मला दाजींपेक्षा जास्त राग आला.

दाजी खुर्चीत बसले. डिस्क परत टॉवेलात गुंडाळू लागले. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तिचे दुसरे फोटो न्हाईत माझ्याकडं."

आमच्या जुन्या डिस्कच्याच केबलला एक जादाचं तोंड होतं, पण आखूड असल्यानं नव्या डिस्कच्या जागेपर्यंत पोचत नव्हतं. यांनी दाजींची डिस्क बाहेरच, त्या तोंडाच्या जवळ पुठ्ठ्यावर ठेवून जोडली. हे मला आधी का सुचलं नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. एकाचं लग्न पुसलं आणि ताईचे सगळे फोटो कॉपी करून घेतले.

फोटो उघडल्यावर दाजी पुढं सरकले.

"हा निमोण्याला, गावाकडं काढलेला."

"नाही दाजी, आमच्या दारातला फोटो आहे हा. मागं आमचीच गाडी दिसतीय."

"निमोणंच हाय. मीच काढलाय."

हे मीटर ठेवायला आत गेले. आम्ही भांडत बसलो.