मतदानाने ठरलेला काप

माया गमरेचा राग सावकाश चढतो, पण एकदा चढला की उतरायचं नाव घेत नाही. करी रोडच्या त्यांच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. सध्या तो एका पेनाच्या टोकावर येऊन बसलाय, आणि का बसलाय हे सांगायचं तर तिच्या बापापासून सुरुवात करावी लागेल.

बाप दत्ताराम गिरणीत कापडाच्या गाठींवर अक्षरं रंगवायचा. गिरणी बंद पडली, तसा लालबागच्या एका पेंटरच्या दुकानात पाट्या लिहू लागला. मसाले कुटून देणारे डंख, पिठाच्या चक्क्या, शिवणक्लास, सगळ्यांच्या पाट्या त्याच्या हातच्या. कोपऱ्यात सही मात्र दुकानाच्या मालकाची. अर्ध्या लालबागभर त्याचं अक्षर होतं आणि नाव कुठेच नव्हतं. त्याला त्याचं काही वाटत नसे, असं तो म्हणायचा. मायाला वाटायचं, आणि ती ते बोलूनही दाखवायची.

संध्याकाळी तो पेनाच्या निबा घासत बसे. निबेचं टोक तिरकं कापलं की रेघ एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक येते. इंग्रजीसाठी हा काप एका बाजूला उतरतो, देवनागरीसाठी बरोबर उलट बाजूला. चुकीच्या कापाने लिहिलं तर जिथे जाड हवं तिथे बारीक येतं आणि अक्षर आरशातल्यासारखं दिसतं. "बाय, काप चुकला का हात सोन्याचा असला तरी काय उपेग नाय," तो म्हणायचा. मायाने तो काप त्याच्या शेजारी बसून उचलला. आता ती बावन्न वर्षांची आहे, परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्डवर कारकून आहे, आणि बापामागे गेली एकोणीस वर्षं विहाराचे चौदा एप्रिलचे बॅनर तीच लिहिते.

पेनांच्या नादी लागलेल्यांचा एक ग्रुप आहे. तिथे तिने आपल्या निबेने लिहिलेल्या चार ओळी टाकल्या आणि लोक मागे लागले. मग अवनीचा फोन आला. अवनी फणसवाडीची, जुन्या घरातली, शिकलेली, बोलायला लोण्यासारखी. तिचं 'कंपू' नावाचं ऑनलाइन दुकान. एकट्यादुकट्या हौशी माणसाला कारखाना दारात उभं करत नाही. तीनशे जणांनी मिळून मागणी नोंदवली की तोच कारखाना हवं ते बनवून देतो. कंपू अशी माणसं जमवतं. कल्पना चांगली होती, यात वाद नाही.

"मायाताई, निबेवर तुमचं नाव कोरू या. 'माया काप'," अवनी म्हणाली.

मायाने हो म्हणायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. गमऱ्यांच्या घरातलं नाव पहिल्यांदाच केलेल्या कामावर उमटणार होतं. त्या दिवशी तिने बापाच्या फोटोपुढे नमुन्याची निब ठेवली आणि मगच ती अवनीला पार्सल केली.

आता कंपूची एक रीत आहे. तिथे सगळं मतदानाने ठरतं. पेनाचा रंग, टोपणाची क्लिप, खोका, सगळं सभासद फोनवर बोट दाबून ठरवतात. मतदान आलं ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, माया बॅनरच्या रंगात कोपरापर्यंत बुडालेली असताना. खोका काळा की निळा, एवढंच तिने पाहिलं. निळ्याला मत दिलं, आणखी पाचपन्नास जणांना द्यायला लावलं, निळा जिंकला. ती खूश. त्याच्या खालीच आणखी एक प्रश्न होता, तो तिने वाचलाच नाही. प्रश्न होता, काप कुठल्या बाजूचा.

दोन चित्रं, अ आणि ब. अ म्हणजे दत्तारामचा काप. ब म्हणजे इंग्रजीचा, जो कारखान्यात आधीपासून तयार होता. सभासदांतले बरेच जण मराठी दुधाच्या हिशेबापुरतीही लिहीत नाहीत. त्यांना ब छान दिसला. ब जिंकला.

जुलैत निळा खोका घरी आला. निबेवर सुबक अक्षरांत 'माया काप'. तिने शाई भरली आणि पहिलं अक्षर काढलं, 'द', बापाचा. उलटं आलं. तिने पेन धुतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. एव्हाना ग्रुपवर लोकांनी लिहायला सुरुवात केली होती, 'माया काप' देवनागरीला कुचकामी आहे, ह्या बाईंना काही कळतं का.

ती दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून अवनीच्या ऑफिसात गेली.

"पोल होता ना, मायाताई. कम्युनिटीने ठरवलं," अवनी शांतपणे म्हणाली.

"काप कसा असतो ते कम्युनिटी ठरवणार? उद्या काना डावीकडे द्यायचा का उजवीकडे, त्याचा पण पोल घे."

"तुम्हालाही मत होतं. तुम्ही फक्त खोक्याला दिलंत."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मायाचा आवाज चढला. "माझं एकच मत, आणि नाव पण माझं? चुकी तुमच्या तीनशे जणांची आणि शिव्या खाणार मी? माझ्या बापाचं काम दुसऱ्याच्या नावावर खपलं. आता दुसऱ्याचं काम माझ्या नावावर खपवताय. नाव काढ."

"तीनशे बारा पेनं गेली, ताई. ज्यांना नको त्यांना पैसे परत देऊ. नाव कसं काढणार आता?"

"मी काढते," माया म्हणाली आणि उठली.

घरी येऊन तिने ग्रुपवर तीन ओळी लिहिल्या. हा काप माझा नाही. ज्याला खरा हवा त्याने निब घेऊन रविवारी सकाळी करी रोडच्या विहारात यावं. पैसे नकोत.

पहिल्या रविवारी चौघे आले, दुसऱ्या रविवारी अकरा. गिरगावचे मनमोहन नावाचे एक निवृत्त मास्तर निब घेऊन बसले होते. मायाने ओल्या पॉलिश पेपरवर आधी नाव घासायला घेतलं, तसा त्यांनी तिचा हात थांबवला.

"अहो बाई, काप बरोबर होणारच आहे ना? मग नाव राहू द्या. आता तर ते शोभेल."

शोभलं असतं, हे तिलाही कळत होतं. "मास्तर, तीनशे बारामधल्या किती निबा माझ्याकडे येतील? पन्नास? बाकीच्या उलटंच लिहिणार, माझ्या नावाने. मग हे नाव बघून कुणाला कळणार कुठला काप खरा?" आणि तिने नाव घासून काढलं, धातू चकचकीत होईपर्यंत. मग निब फिरवून काप घेतला. मास्तरांनी 'श्री' लिहून पाहिला आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

आजवर सेहेचाळीस निबा झाल्या. सेहेचाळीस वेळा तिने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं. बापाच्या अक्षरावर जसं नाव नव्हतं, तसंच आता तिच्या कापावर नाही, फरक इतकाच की हे तिने केलंय. त्यात समाधान आहे का, असं भाऊ राजरत्नने विचारलं, तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली.

तिची स्वतःची निब तिने घासलेली नाही. नाव आणि चुकीचा काप, दोन्ही तशीच आहेत. दर रविवारी विहारात बसली की ती आधी त्या पेनाने एक 'द' काढते, उलटा, आणि मग पुढच्याला म्हणते, "द्या इकडे."