आईच्या कानांची तपासणी

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, काचेची खिडकी असलेली एक पेटीवजा खोली होती. भिंतींना आतून स्पंज लावलेला, आणि दार एकदा ओढून घेतलं की बाहेर कुणी डोकं आपटून घेतलं तरी आत कळायचं नाही. या खोलीबाहेरच्या खुर्चीवर बसून लोकांचे कान तपासण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. सगळं इस्पितळ त्याला कानवाले म्हणायचं. नवीन आलेल्या डॉक्टरांना तर वाटायचं, हे त्याचं आडनावच आहे.

काम सोपं. पेशंटला आत बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी." मग बाहेरून तो एकेक आवाज सोडायचा आणि मधूनमधून मुद्दामच काही सोडायचा नाही. नुसतीच शांतता. त्या शांततेतही लोक बटण दाबायचे. भलेभले दाबायचे. बाहेर आल्यावर शपथेवर सांगायचे, "आला होता हो आवाज, अगदी बारीक होता!"

यावर त्याने आपलं सगळं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. चहाच्या वेळी कुणी देवाचा विषय काढला रे काढला, की कानवाले कप खाली ठेवून म्हणायचे, "तुमचा देव म्हणजे आवाज नसताना दाबलेलं बटण." मुद्दा चांगलाच होता, यात शंका नाही. पण एकच चांगला मुद्दा हाती लागलेला माणूस नवं घड्याळ घेतलेल्या माणसासारखा वागतो, सारखी बाही वर करतो. टायपिंगवाल्या बाई तर त्याचं वाक्य सुरू झालं की ओठांनी पुढचं पूर्ण करायच्या.

तसा माणूस वाईट नव्हता. शाळेत असताना वडील आजारी पडले. आईने रोज संध्याकाळी डोळे मिटून, हात जोडून त्यांच्यासाठी मागणं मागितलं, आणि तरीही वडील गेले. त्या दिवसापासून त्याने आईबरोबर प्रार्थनेला बसणं सोडलं. आई रागावली नाही. "तू नको म्हणूस, मी दोघांचं म्हणते," एवढंच म्हणाली. पुढे शेजारणींना सांगायची, "आमचा धाकटा देव नाही म्हणून रोज सांगतो. म्हणजे रोज आठवण काढतो की नाही?" यावर तो चडफडत आतल्या खोलीत जायचा.

त्या आईला मेंदूचा झटका आला. डोळे कधी उघडे, कधी मिटलेले, पण नजर कुठेच लागत नव्हती. हाक मारा, चिमटा काढा, काही नाही. इस्पितळातून घरी आणलं, मागच्या खोलीत पलंग लावला, नाकातून नळी घातली. त्याने लग्न केलं नव्हतं, तेव्हा घरात तो आणि आई. दिवसा एक बाई यायची. आणि रोज दुपारनंतर ताई यायची.

ताई त्याच्याहून मोठी. शिवणाच्या कारखान्यात कापडावर खुणा करायचं काम करायची. सुटली की दोन बस बदलून, दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढून यायची, पाणीसुद्धा न पिता आईच्या उशाशी बसायची आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागायची. आधी प्रार्थना. आईचीच, तिच्याच चालीवर. मग दिवसभराच्या गप्पा. मुकादम कसा घसरून पडला, नातवाचा दात कसा हलतोय, कोबी कसा पाणचट निघाला. मग परत प्रार्थना. बोलूनबोलून तिचा घसा बसला होता. घोट घोट गरम पाणी पीत ती बोलायची. चेहरा उतरला होता, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या होत्या.

घरी येणारे डॉक्टर म्हणाले होते, "बोलत राहा हं त्यांच्याशी. ऐकू येत असेल."

त्याने जिन्यात त्यांना गाठलं. "येत असेल म्हणजे? पुरावा काय?"

"पुरावा कसला," डॉक्टर पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "पण बोलण्यात नुकसान काय आहे?"

डॉक्टर झालेला माणूस असं बोलतो म्हणून त्याचं डोकं फिरलं. नुकसान काय? नुकसान आत खोलीत बसलंय, घसा बसलेलं, गुडघे धरून.

त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "धाकट्या, तूही बोल ना तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. भाजी काय आणलीस ते सांग."

"ताई, तिला ऐकू येतंय असं तुला कशावरून वाटतं?"

"मला वाटतं."

"वाटतं म्हणजे काय?"

"वाटतं म्हणजे वाटतं. तुला भूक लागलेली कशी कळते? मशीन लावतोस?"

ती हसत म्हणाली होती. पण त्याला ते लागलं, आणि तिथेच त्याच्या डोक्यात आलं की मशीन आहे. बटण दाबू न शकणाऱ्यांसाठीच ते असतं, तान्ह्या मुलांसाठी आणि बेशुद्ध माणसांसाठी. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवायच्या, कानात स्पंजची बोंडं घालायची आणि बारीक टकटक सोडायची. टकटक कानातून मेंदूकडे निघाली, की पडद्यावर तिची लाट उमटते. माणसाला विचारायची गरजच नाही.

खरं सांगायचं तर यात दोन हेतू होते. ताईची ओढाताण थांबावी, हा एक. तो खराच होता. दुसरा हेतू जुना होता. एवढ्या वर्षांत या घरात त्याचं म्हणणं कुणी खोडलं नव्हतं, आणि कुणी मानलंही नव्हतं. आता एकदा काय ते पडद्यावर दिसू दे, असं त्याला वाटत होतं.

इस्पितळातल्या साहेबांची परवानगी काढून त्याने छोटं मशीन रविवारी घरी आणलं. ताई सकाळीच आली होती. तिला वाटलं हा काही उपचारच आहे. तिने आईचे केस विंचरले, कपाळ पुसलं, "आई, धाकटा तुझे कान तपासणार आहे बरं का, घाबरू नकोस," असं सांगितलं. त्याने कानात टॉर्चने पाहिलं. कान स्वच्छ होते. वायरी चिकटवल्या, बोंडं घातली आणि मशीन चालू केलं. पडद्यावर रेघ सरकायला लागली. सरळ. त्याने आवाज वाढवला. रेघ सरळच. आणखी वाढवला, मशीन जाईल तिथपर्यंत नेला. एवढ्या आवाजाने झोपलेला माणूस ताडकन उठून बसला असता. रेघ ढिम्म हलली नाही.

"बघ," तो म्हणाला.

ताईने चष्मा पुसून पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे तिला ऐकू येत नाही."

"थोडंसुद्धा?"

"काहीसुद्धा नाही. तू भिंतीशी बोलतेयस, ताई."

त्याला वाटलं होतं ती भांडेल, रडेल, तुझं मशीन घाल चुलीत म्हणेल. त्याने उत्तरंही तयार ठेवली होती. हातातला गरम पाण्याचा पेला ताईने खाली ठेवला आणि आईच्या कपाळावरचा वायरींचा डिंक ओल्या फडक्याने पुसत बसली. शिकलेल्या भावाच्या शब्दाला तिच्याकडे फार किंमत होती. त्याची फी भरता यावी म्हणून तिने स्वतःची शाळा सोडली होती, आणि त्याचं शिक्षण आपलंही थोडं आहे, अशीच ती वागायची.

दुसऱ्या दिवशीही ती आली. रोज येत राहिली. चादर बदलायची, नळीतून दूध घालायची, पाठीला पावडर लावायची, सगळं अगदी वेळच्या वेळी. पण तोंडातून ब्र काढायची नाही. मागच्या खोलीत आता फक्त पंखा वाजायचा. आधी दारापर्यंत ऐकू येणारं ते बसक्या आवाजातलं बोलणं त्याला नको झालं होतं, आता जिना चढताना त्याचे कान नकळत तेच शोधायचे. त्याने स्वतःला समजावलं की तिला विश्रांती मिळतेय, हे चांगलंच झालं. तिचा घसाही सुधारला होता, पण तो वापरायचा कशासाठी, हा प्रश्न होता.

एका संध्याकाळी, ताई फडकं पिळत असताना, आई गेली. कुणी काही बोलत नव्हतं, तेव्हा नक्की कोणत्या क्षणी गेली तेही कळलं नाही. शेवटचं जे करायचं ते चार माणसांनी केलं. ताई बाजूला उभी होती. प्रार्थनेला सगळ्यांचे ओठ हलत होते, तिचे हलत नव्हते. तेही त्याने पाहिलं, आणि दमली असेल म्हणून सोडून दिलं.

मशीन तोवर इस्पितळात, आपल्या पेटीत परत गेलं होतं. ते पुन्हा निघालं ते एका तान्ह्या मुलीसाठी. आपल्या आईच्या मांडीवर झोपलेली पोर, शेजारी घामाघूम झालेला बाप. कानवाल्यांनी वायरी चिकटवल्या, बोंडं घातली, आवाज सोडला. रेघ सरळ. वाढवला. रेघ सरळच.

"ऐकू येत नाही का हो तिला?" बापाने विचारलं.

"आज काही सांगता येत नाही," कानवाले म्हणाले. "लाट दिसली नाही, एवढंच आत्ता कळलंय. का दिसली नाही, ते बघायला हवं."

हे वाक्य तो रोजच कुणा ना कुणाला म्हणायचा. त्याच्या कामातला तो पहिला धडा होता. पण त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला तो रविवार आठवला. त्याने पोरीच्या कानातलं बोंड काढलं आणि स्वतःच्या कानात घातलं. लाट दिसली नाही की हे करायचंच असतं, आधी स्वतःच्या कानाला लावून बघायचं. नव्या माणसांना शिकवताना तो यावरून त्यांना फैलावर घ्यायचा. त्या रविवारी, ताई बघत उभी होती तेव्हा, त्याने ते केलं नव्हतं. निकाल त्याला आधीच माहीत होता ना.

पडद्यावर आकडे चढत होते. त्याच्या कानात काहीही वाजत नव्हतं.

मशीनकडून बोंडांकडे येणारी वायर मुळाशीच, आतल्या आत तुटली होती. वरचं रबर शाबूत होतं. मेकॅनिक म्हणाला, कधी तुटली ते सांगता यायचं नाही, पेटीत घडी घालून ठेवतात तिथे हळूहळू तुटते, आज तुटली असेल नाहीतर महिन्यापूर्वीही. नवी वायर जोडल्यावर त्या पोरीची लाट पडद्यावर लख्ख उमटली. बापाने छताकडे बघून हात जोडले. "देवाची कृपा," तो म्हणाला. टायपिंगवाल्या बाईंनी सवयीने कानवाल्यांकडे पाहिलं. कानवाले खुर्ची धरून उभे होते.

सांगायचं की नाही? न सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आयुष्यभर सगळ्यांकडे पुरावा मागणाऱ्या माणसाला हा एक पुरावा खिशात घालून फिरणं जमेना. तो त्याच दिवशी, न कळवता, ताईच्या घरी गेला.

ताई ओट्याशी पीठ मळत होती. त्याने दारातच, चप्पलसुद्धा न काढता, सगळं सांगून टाकलं. वायर, पोरगी, न घातलेलं बोंड. ताईचे हात पिठातच थांबले.

"म्हणजे आईला ऐकू येत होतं?"

"माहीत नाही, ताई. येत असेल, नसेलही. वायर तेव्हा तुटलेली होती की नंतर तुटली, तेसुद्धा माहीत नाही. आता काही केल्या कळणार नाही."

ती तेच पीठ पुन्हा पुन्हा मळत राहिली. त्याला ते सहन होईना. आयुष्यात कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते निघालं. "तू आता म्हण ना गं प्रार्थना. तूच म्हणायचीस ना, गेलेल्या माणसालाही पोचते म्हणून. म्हण ना. मी बसतो तुझ्याबरोबर."

"म्हणायचे," ताई म्हणाली. "तुझी रेघ बघितल्यापासून होत नाही रे. डोळे मिटले की वाटतं, आपण एवढी वर्षं भिंतीशीच बोललो की काय. आणि शेवटच्या दिवशी तिचं तोंड पुसताना अगदी ओठावर आलं होतं. गिळलं मी. म्हटलं, हा शिकलेला आहे, उगाच कशाला वेड्यासारखं करायचं."

तो दाराची चौकट धरून उभा होता. ताईने पिठाचे हात पदराला पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"आत्ता म्हणालास ना, माहीत नाही म्हणून," ती म्हणाली. "एवढंच त्या दिवशी म्हणाला असतास धाकट्या, तर मी बोलत राहिले असते."