वाढीचं इंजेक्शन

सोफेवालीने गुडघा रोवून सोफ्याची पाठ दाबली, दातांतला एक खिळा काढला, हातोडी उचलली, आणि कमरेतून अशी कळ गेली की उरलेले खिळे तोंडातून फरशीवर सांडले.

"ताई, घरी जाऊन पडा की," शेजारच्या गाळ्यातला काचवाला म्हणाला.

"पडून काय होणार? हाडं माझ्यासोबतच येणार ना घरी?"

इंजेक्शनांनी हाडं दुखणारच, हे हॉस्पिटलातल्या सिस्टरने आधीच सांगितलं होतं. दादाला रक्ताचा कॅन्सर. हाडातला मगज बिघडलेला, चांगलं रक्त बनेना. सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळल्या तर त्या घालता येतील, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीने चोरून फोन केला. दादा बहिणीचं नाव काढलं की नको म्हणतो, हेही सांगून टाकलं. 'मरेन, पण तिचं घेणार नाही,' असंच म्हणाला असणार, सोफेवालीला वाटलं. तरी तिने एवढंच विचारलं, "कधी येऊ?" तपासणी झाली, जुळलं. मग वहिनीने कसंबसं दादाला तयार केलं.

वर्षानुवर्षं बोलला नव्हता तो. वडील गेल्यावर म्हणाला, गाळा बंद करू, दुसऱ्या गावी जाऊ. ही म्हणाली, वडिलांची हातोडी मी खाली ठेवणार नाही. "बस मग खिळे चघळत, बुटके!" म्हणाला आणि गेला तो गेलाच. लहानपणापासून तो तिला बुटकीच म्हणायचा. त्यानंतर तसं म्हणणारं कुणी उरलंच नाही. लोक ताई म्हणतात, मान देतात. मानाचं काय लोणचं घालायचंय?

पहिल्या इंजेक्शनला सिस्टर म्हणाली, "हे ग्रोथ फॅक्टर."

ग्रोथ म्हणजे वाढ, एवढं तिला कळत होतं. "म्हणजे मी आता उंच होणार?"

सिस्टर इतकी हसली की सिरिंज बाजूला ठेवावी लागली. "अहो ताई, वाढ तुमची नाही, पांढऱ्या पेशींची! त्या हाडाच्या मगजात तयार होतात, तिथेच चिकटून बसतात. या औषधाने त्या भराभर वाढतात, सुटतात आणि रक्तात उतरतात. त्यांच्यासोबत ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या मूळ पेशीही बाहेर पडतात. आम्हाला त्याच हव्यात. आत गर्दी होते, म्हणून हाडं ठणकतात."

"घराबाहेर काढायचं औषध म्हणा की. आणि दादाच्या अंगात वाट कोण दाखवणार?"

"कुणी नाही. शिरेतून सोडायच्या. फिरत फिरत त्या बरोबर हाडातच शिरतात. मगजातून त्यांना हाक येते म्हणा."

सोफेवालीने बाही वर सरकवली. मग म्हणाली, "माणसांसाठी आहे का असलं काही?"

"असतं तर आधी माझ्या नवऱ्याला टोचलं असतं. डोळे मिटा."

ते सांगावंच लागायचं नाही. हातभर सुई सोफ्यातून आरपार काढणारी बाई, पण स्वतःच्या अंगाला सुई लागणार म्हटलं की घामाघूम.

मशीनच्या दिवशी तर दोन्ही हातांत सुया. एकीतून रक्त बाहेर, मशीन हव्या त्या पेशी काढून घेणार, बाकीचं दुसरीतून परत. नाक खाजलं तरी इलाज नाही. ती छताकडे बघत पडली आणि मनात एकच चालू: बरा होऊ दे त्याला, आणि एकदा, एकदाच बुटके म्हणू दे.

दादाच्या खोलीत जायला मनाई. जंतू जातात म्हणे. ती काचेला नाक लावून बाहेर उभी राहिली. आत एक टकलू, वाळलेला माणूस, वर टांगलेली तिची लालसर पिशवी, थेंब थेंब उतरणारी. तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले नाहीत. सिस्टर त्याच्याजवळ वाकून काहीतरी बोलली आणि स्वतःच हसली. तेव्हा त्याने हात उचलला. पलंगाच्या कडेला तळवा आडवा धरला, लहान पोराची उंची दाखवतात तसा. थोडा वर नेला. तिच्याकडे बघून मान हलवली, नाही. पुन्हा होता तिथे खाली आणला.

"गाढवा!" ती काचेवर थाप मारून ओरडली. आत काही ऐकू जात नाही, हे माहीत असून.

त्याने आधी नको का म्हटलं होतं, ते वहिनीने फार नंतर सांगितलं. "दुसरं कुणीतरी बघा," असं म्हणाला होता तो, "बुटकी सुईला घाबरते."