न वाचलेले निरोप

अजून आठवलं तरी माझ्या हाताच्या मुठी वळतात. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी सांगलीत एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. तासगावजवळच्या एका शीतगृहाला आम्ही लिनक्सवर चालणारी यंत्रणा बसवली होती. त्यातला एक प्रोग्रॅम खोलीचं तापमान वाचून दुसऱ्याला निरोप पाठवायचा आणि मग आकडा पडद्यावर टाकायचा. दुसरा ते निरोप उचलायचा आणि आकडा चढला की भोंगा वाजवायचा.

ऐन हंगामात एका शुक्रवारी सकाळी द्राक्षं नरम पडलेली दिसली. कॉम्प्रेसर बंद पडला होता, भोंगा वाजलाच नव्हता, आणि रात्रपाळीला पडद्यावरचा आकडा उतरवणाऱ्या ऑपरेटरमामांच्या वहीत मात्र तासातासाला 'एक अंश' लिहिलेलं. शीतगृहाच्या मालकांनी मामांना त्याच सकाळी काढलं. झोपून खोटे आकडे लिहिले म्हणे.

दुपारी मी आणि आमचे सर तिथं पोहोचलो. पडद्यावर अजूनही एक अंशच दिसत होता, आणि उघड्या दारातून गरम वारा आत येत होता! मी कीबोर्ड ओढला आणि निरोपांची रांग दाखवणारी ipcs -q ही आज्ञा टाईप केली. रांग काठोकाठ भरलेली. एकही उचललेला नाही. मग वेळा बघितल्या. शेवटचा निरोप उचलला होता बुधवारी पावणेबाराला. बुधवारी सकाळी सरांनीच येऊन भोंग्याचा नवा प्रोग्रॅम टाकला होता. तो लगेच मेला, रांग तुंबली, पाठवणारा तिथंच अडकून बसला आणि पडद्यावरचा आकडा गोठला. मामांनी जे दिसलं तेच लिहिलं होतं.

"सर, हे बघा."

सरांनी बघितलं. "रांग पुसून टाक आणि मशीन परत चालू कर."

"आणि मामा?"

"तू प्रोग्रॅमपुरतं बघ."

मी उठून मालकांच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं. मागून सर आले, हसत म्हणाले, "नवीन आहे ती, घाबरली." मालक म्हणाले, "चूक कुणाची का असंना, काढलेला माणूस मी परत घेत न्हाई."

रविवारी एसटीनं पलूसला मामांच्या घरी गेले. मामा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते. मी सांगत गेले, ते पाला टाकतच राहिले.

"आवं ताई, मी झोपलो नव्हतो हे मला ठावं हाय. मला कशाला सांगताय? मालकास्नी सांगा."

"सांगितलं, मामा."

"मग?"

मामींनी चहा आणला. मी तो तसाच ठेवून एसटीला निघाले.

सरांनी सोमवारी दोन ओळी बदलल्या आणि भोंगा नीट वाजायला लागला. ऑफिसात सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिली. मी त्यानंतरही दोन वर्षं तिथंच काम केलं, रोज त्यांना "गुड मॉर्निंग, सर" म्हणत. मालकांवरचा राग कधीच निवला. सरांवरचा आणि माझ्यावरचा मात्र तसाच आहे.