मौद्याच्या पुढे, अनसूयेशिवाय

वाडीच्या गोदामातून भंडाऱ्याकडे जाणारा ट्रक सकाळी आमच्यासाठी थांबला. मी मागे पोत्यांवर चढलो, ढोलकी मांडीवर घेतली आणि शेजारी एका माणसाची जागा सोडून बसलो. सवयच ती. मग बेंजोवाला देविदास तिथं येऊन बसला.

आमची गायन पार्टी जुनी, धम्मदीक्षेनंतर उभी राहिलेली. गुलाबराव गातो आणि पेटी वाजवतो, देविदासचा बेंजो, माझी ढोलकी आणि झील (पालुपद उचलणारी साथ) माझ्या बायकोची, अनसूयेची. मागच्या हिवाळ्यात ती गेली. दम्याने नेली. तेव्हापासून मी ढोलकीला हात लावला नव्हता. पण मौद्याच्या पुढचं हे गाव दर बुद्ध पौर्णिमेला आम्हालाच बोलावतं. यंदा झील उचलायला गुलाबरावची सून सुमन होती. मी सांगून ठेवलं होतं, जमलं तर ठीक, नाही तर ढोलकी दुसऱ्याला दे अन् मला मोकळा कर.

मौद्याजवळ कन्हान नदी लागली. पाणी एका काठाला सरकलेलं, बाकी सगळी रेती आणि रेतीत टरबुजाच्या वाड्या. उतरलो तर गावची बंडी (बैलगाडी) उभीच होती. पुढच्या कोरड्या नाल्यात तिचं चाक रुतलं. आम्ही ढकलत होतो आणि गुलाबराव पेटी डोक्यावर घेऊन नुसता उभा. देविदास म्हणाला, नवरदेवाला कोणी हात लावू नका रे. सुमन पदर तोंडावर धरून हसली. मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे.

गावात आमचं जेवण नेहमी एकाच घरी असतं. ज्वारीची भाकर, पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, भेदऱ्याची (टोमॅटोची) चटणी. वाढता वाढता घरची म्हातारी म्हणाली, "बाईले काहून नाही आणलं गा?"

"मेली," मी म्हणालो. दुसरा शब्द मला येत नाही.

म्हातारी न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकून आत गेली.

दुपारी विहारापुढच्या कडुनिंबाखाली तालीम केली. सुमनसोबत ही पहिलीच. गुलाबरावने कडवं म्हटलं, पालुपद आलं, सुमनने बरोबर तालावर उचललं आणि आम्ही तिघंही गप्प. पोरीचा आवाज एकटाच वर लटकला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती चिडली.

"तुम्ही सारेच काहून थांबून राहिले तिथं?"

गुलाबराव म्हणाला, "गाणंच तसं हाय."

देविदासनेही मान हलवली. मीही हलवली असती. पण गुलाबरावचा हात भात्यावरून खाली आला. तो माझ्याकडे बघत राहिला.

"अनसूयाबाईचा दम," तो हळूच म्हणाला.

खरं होतं. आधी आमच्या गाण्यात थांबा नव्हता. दमा लागला तसा तिला पालुपदाआधी श्वास पुरेनासा झाला. मी तिच्याजवळ बसायचो, मला छाती ऐकू यायची, मी हात उचलून धरायचो. माझं पाहून गुलाबराव पेटी सोडायचा, मग देविदास. कोणी कोणाला सांगितलं नाही. पुढं नवी गाणी बसवली तीही थांबा ठेवूनच. लोक म्हणायचे, तुमचं ते थांबणं लय गोड आहे. आम्हालाही वाटायला लागलं, ही आमच्या पार्टीची चाल.

सुमन कसनुशी झाली. "थांबू का मी, काकाजी?"

सगळे माझ्याकडे पाहून राहिले. हो म्हटलं असतं तर ती जन्मभर थांबली असती.

"नाही वं पोरी. तुयी छाती साबूत हाय. तू काहून थांबशीन?"

उन्हं उतरल्यावर गाव जमलं. दोन कडवी सरळ गेली. तिसऱ्याला माझा हात आपोआप वर राहिला. पेटी थांबली, बेंजो थांबला, आणि यावेळी सुमनही थांबली, कारण ती माझ्याच हाताकडे पाहत होती. आता उचलणारं कोणीच नव्हतं. सारं गाव गप्प बसून वाट पाहत होतं. मीही पाहिली. मग थाप मारली. सुमनने पालुपद उचललं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत कुठंच खंड पडला नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने परतलो. निघताना गावकरी सांगत होते की मागच्यापेक्षा चांगलं झालं, पुढच्या पौर्णिमेला याच. गाडीत सुमनने तालीम कधी ते विचारलं. म्हटलं, रविवारी ये, ढोलकी माझ्याकडेच आहे.

लोक विचारतात, एवढी वर्षं पार्टी टिकली कशी. मी काय सांगू. एकाला श्वास पुरत नाही म्हणून बाकीचे थांबतात, अन् त्यांना ते ठाऊकही नसतं, अशी टिकते. आता गाणं चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त असं सरळ, बिनाथांब्याचं एकदा तिला ऐकवायला पाहिजे होतं. तिने पदराने तोंड पुसलं असतं अन् म्हटलं असतं, काहून जी, एवढी कोणती गाडी सुटून राहिली तुमची?