पंचमावरचा पोचा

भरतीच्या जाहिरातीत त्याला ट्युबा म्हटलं होतं. आमच्या घरात त्याला बास म्हणतात. लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात मागच्या रांगेत, घंगाळाएवढा भोंगा वर करून जो माणूस नुसता भों भों करतो असं लोकांना वाटतं, तो माणूस म्हणजे माझे वडील. सांगलीतल्या एका बँडमध्ये आप्पा तीसेक वर्षं बास वाजवतात, आणि त्यांच्याच बासवर मी शिकले. वरातीत त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पण ते दम घ्यायला थांबले की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

पोलीस बँडची भरती निघाली तेव्हा माझं वय मर्यादेला टेकलं होतं. पुढच्या भरतीला मी बाद होणार होते. धावणं, गोळाफेक, लेखी परीक्षा, सगळं पार पडलं होतं. उरली होती साताऱ्यातली वाद्यचाचणी. ती निघाली तर नोकरी, नाही तर कुपवाडच्या कारखान्यात मी पॅकिंगला जात होते तेच पुढे चालू. हे मी स्वतःला दिवसातून पन्नास वेळा सांगत होते, जसं काही विसरायची भीती होती.

काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दुसरं कोणी असतं तर रियाज वाढवला असता. मी मोबाईल काढला. परदेशात कुठल्या वादकाने कुठल्या ट्युबावर ऑर्केस्ट्राची चाचणी जिंकली, याची एक भली मोठी यादी मला सापडली. इंग्रजी अडखळत वाचत मी ती पाठ केली. कुणाचा बास जर्मनीत बनलेला, कुणाचा चांदीचा मुलामा दिलेला, कुणी मोठा विकून छोटा घेतलेला. फोटोंतले बास इतके लखलखीत होते की त्यांत फोटो काढणाऱ्याचं तोंड दिसत होतं. त्या यादीत पोचा पडलेला बास एकही नव्हता.

आमचा बास मेरठहून आलेला, आप्पांनी घेतला तेव्हाही जुनाच. भोंग्याची कड एका बाजूला दबलेली, पिस्टनवरचा मुलामा बोटांनी उडालेला, आणि तोंड लावतो तिथून वीतभर खाली, नळीच्या पहिल्या वळणावर एक खोल पोचा. मी जन्मायच्या आधी एका वरातीत टेम्पोच्या फाळक्यावर आपटून तो पडला होता. लहानपणी बास मांडीवर घेऊन बसले की माझा अंगठा आपोआप त्या खळग्यात जायचा. आता मात्र मला तिथे पंचांचे डोळे दिसू लागले. वर्दीतले अधिकारी टेबलामागे बसलेत, माझ्याआधी कुणी तरी नवाकोरा बास घेऊन वाजवून गेलंय, आणि मी हे भंगार घेऊन आत येतेय. वाजवायच्या आधीच माझा निकाल लागलेला मी रोज बघत होते.

चाचणीला सहा दिवस होते. मुहूर्त नसल्यामुळे बास घरीच होता, आणि आत्याच्या घराचा स्लॅब टाकायचा म्हणून आप्पा तीन दिवस कवठे महांकाळला गेले होते. मी त्यांना न विचारता बास वाकळीत गुंडाळला, रिक्षात घातला आणि कुपवाडला नेला.

कारखान्याच्या वाटेवर एक डेंटर होता. मोटारसायकलच्या टाक्या, दुधाचे कॅन, कारची दारं, जे समोर येईल ते सरळ करायचा. त्याने बास उलटापालटा करून पाहिला.

"ताई, टाकी असूंद्या न्हाईतर बाजा, पोचा त्यो पोचाच. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेले तर बास ओळखू येईना. भोंग्याची कड गोल झाली होती. वळणावरची नळी त्याने झाळलेला सांधा सोडवून वेगळी केली होती, आतून बेअरिंगची गोळी ठोकत ठोकत पुढे सारली होती आणि पुन्हा जोडून टाकली होती. पोच्याचा मागमूस राहिला नव्हता. घरी येऊन मी चिंच-मिठाने घासला. आई म्हणाली, "आगं बया, नवरीगत दिसतंय." मला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

संध्याकाळी वाजवायला बसले. सा ठीक. वर गेले, ठीक. खाली आले आणि पंचमावर काहीतरी बोचलं. मोबाईलवर सूर दाखवणारं अ‍ॅप लावलं. काटा पंचमावर उजवीकडे पळाला. चढा. पुन्हा वाजवला, पुन्हा चढा. वीस वेळा वाजवला असेल. बाकी सगळे सूर शहाण्यासारखे मध्यावर, आणि चाचणीत वाजवायच्या राष्ट्रगीतात जिथे तिथे येणारा खालचा पंचम तेवढा डोक्यावर चढून बसलेला. आईने विचारलं काय झालं, तर मी तिच्यावरच खेकसले.

सकाळी मी डेंटरशी भांडायला गेले. रागात मी बरी बोलते, एरवी माझी वाचा बसते. माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत इथवर मी पोचले तेव्हा त्याने हातोडी खाली ठेवली.

"ताई, मी पोचा काडलाय. त्यात तुमचा सूर हुता हे मला काय म्हाईत?"

मी परत आले.

आप्पा दुपारी आले. हातापायावर सिमेंट सुकलेलं. मी काही सांगायच्या आत त्यांना कोपऱ्यातला बास दिसला. ते बसले, बास मांडीवर घेतला, आणि त्यांचा अंगठा नळीच्या वळणावर गेला. तो तिथे खालीवर फिरला.

"पोचा कुठाय?"

मी सगळं सांगून टाकलं. यादी, पंच, डेंटर, चढा पंचम. सांगताना रडले, याची मला अजून लाज वाटते. आप्पांनी तोंड लावलं आणि खालचा पंचम वाजवला. तोही चढाच आला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा वाजवला. मग बास बाजूला ठेवला.

"बाजा बरोबर झालाय," ते म्हणाले. "आपुन चुकतोय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच कळलं नव्हतं. तो पोचा पडला त्या दिवसापासून हा एक सूर उतरलेला यायचा. दुरुस्त करायला ना वेळ होता ना माणूस. म्हणून आप्पा तो सूर ओठांनी वर उचलायला शिकले. आणि मला शिकवताना त्या सुरावर आलं की ते म्हणायचे, "उचल." माझ्या लहानपणातला सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द असेल तो. मला वाटायचं, खालचा पंचम असाच असतो, जगात सगळेजण तो उचलतात.

"मग पोचा परत घाला," मी म्हणाले. "तुमीच घाला, तुमाला जागा म्हाईत हाय. चारच दिवस राहिलेत, आप्पा."

"न्हाई."

"आवं पण—"

"तितं तुला सरकारी बाजा मिळंल. त्याला कुठला पोचा? चूक बाजात न्हाई ऱ्हायली आता, व्हटात ऱ्हायलीय. ती काडायची."

मला त्यांचा इतका राग आला की मी जेवले नाही. चार दिवसांत ओठ बदलायचे! पंधरा वर्षं एकाच वाटेने गेलेला पाय चार दिवसांत दुसरीकडे वळवायचा! यांचं काय जातंय, वाजवायचं मला आहे, असंही मनात आलं. हे मनात आलेलं लिहायला नको वाटतं, पण आलं होतं खरं.

पहाटेपासून बसायचे. आप्पा समोर पाटावर. मोबाईलच्या काट्याकडे ते बघायचे नाहीत, डोळे मिटून घ्यायचे. पंचम आला की आता म्हणायचे, "सोड." ओठ ढिले सोड, जबरदस्ती करू नको, बाजा आपला आपण बोलतोय, बोलू दे. मी सोडायचे तर सूर कोसळायचा. धरायचे तर चढायचा. त्यांचा कान काट्याच्या आधी सांगायचा. पहिले दोन दिवस दहातला एखादा बरोबर यायचा, तोही चुकून. तिसऱ्या दिवशी आप्पांना इस्लामपूरला लग्न होतं, बास त्यांच्याबरोबर गेला. मी दिवसभर नुसतंच माऊथपीस तोंडात धरून घरात फिरत होते, आणि आई माझ्या वाटेतून बाजूला होत होती. संध्याकाळी आप्पा आले ते गप्पच.

"काय झालं?"

"काय न्हाई. बस. सोड."

त्या संध्याकाळी दहातले सहा आले.

साताऱ्याला एसटीने गेलो. कंडक्टरने वाकळीतल्या गाठोड्याकडे बघून आत काय आहे विचारलं. बास, पोलीस बँडच्या चाचणीला नेतोय म्हटल्यावर म्हणाला, "पोलिसात वाजवणार व्हय? बसा की मग, फुडच्याच शिटावर बसा." पेठ नाक्यापर्यंत मी मनात पंचम सोडत होते. कऱ्हाडनंतर मी माऊथपीस तोंडात धरून बसले. आप्पांनी खिडकी उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा येत्यात. लय झालं." मला मात्र उरलेले चार दिसत होते.

आत गेले. टेबलामागे तिघं होते. माझ्या लखलखीत बासकडे त्यांच्यातल्या एकानेही पाहिलं नाही. ज्याच्यासाठी मी एवढं रामायण केलं त्यावर एक नजरही नाही. सप्तक वाजवायला सांगितलं. पंचम आला, मी सोडला, तो जरासा हलला आणि बसला. राष्ट्रगीतात एकदा चढला. मला ते कळलं, त्यांनाही कळलं असणार. मग मधले अधिकारी म्हणाले, "आता आमच्या बासवर संचलनाचा एक मार्च वाजवा," आणि कोपऱ्यातला त्यांचा बास माझ्या हातात आला. मोठा, जड, अनोळखी. माझा अंगठा वळणावर गेला आणि तिथे सपाट, थंड पितळ होतं. आप्पा म्हणाले होते तसंच.

मी सोडला. पंचम सरळ आला. संबंध मार्चभर सरळ येत राहिला. पोचा परत घातला असता तर त्या बासवर माझं काय झालं असतं, हे आठवून पुढे कित्येक दिवस मी दचकत असे.

निवडयादी लागली, माझं नाव होतं. आप्पांनी ती मोबाईलवर मोठी करून तीनदा वाचली आणि बँडवाल्यांसाठी पेढे आणायला गेले.

प्रशिक्षण झालं, साताऱ्यात रुजू झाले. पहिल्या रजेत घरी आले तेव्हा आप्पा बाहेर स्कूटर धूत होते. बास कोपऱ्यात उभा होता. मी सवयीने मांडीवर घेतला. अंगठा वळणावर गेला आणि खाली रुतला.

पोचा होता. जुन्यापेक्षा बोटभर खाली.

आई चहा घेऊन आली. मी विचारलं तर आधी म्हणाली, पडला असंल कवातरी. मग बसली आणि हळू आवाजात बोलली. माझी निवडयादी लागेपर्यंत आप्पांनी लग्नांचा सगळा सीझन त्या दुरुस्त बासवर काढला होता. ओठ ऐकत नव्हते. पंचम आला की ते तोंड काढून घ्यायचे, नुसते गाल फुगवायचे. इस्लामपूरला बँडमास्तरने सगळ्यांसमोर बोलून घेतलं, नंतरही दोनदा. "मला म्हनले, तिचं हुईस्तोवर कायबी बोलू नगंस. यादी लागली त्या दिवशी पेढं वाटून आले आन् वरवंटा घिऊन बसले. एका घावात न्हाई बसला, तीन घातले."

तीस वर्षं ज्यांचा सूर कधी चुकला नाही त्या माणसाला मी माझ्या लाजेपायी चारचौघांत बेसूर केलं होतं, आणि त्यांनी ते मला कळूही दिलं नव्हतं. चार दिवस समोर बसून ते मला जे शिकवत होते ते त्यांना स्वतःला जमत नव्हतं, आणि त्यांच्या कानाला ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

चहा तसाच ठेवून मी बास तोंडाला लावला. सा वाजवला. खाली आले. पंचम उतरलेला आला, चांगलाच.

बाहेर पाण्याचा आवाज थांबला.

"उचल जरा," आप्पा म्हणाले.

मी पुन्हा वाजवला. ओठ आवळून पाहिले. मला आता उचलता येत नव्हता.