अर्धा कोयता

ट्रकवर चढल्यावर मी खाली उभ्या मैत्रिणींना असा हात केला, जणू खर्ड्याचा किल्ला माझ्याच नावावर आहे. वय अकरा. आई तापानं आडवी, म्हणून ऊसतोडीला बापाच्या जोडीला मी. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात; एकटं माणूस म्हणजे अर्धा. "मी आता अर्धा कोयता हाय!" असं गावभर सांगत फिरले होते. काय तो तोरा! शाळा सुटली म्हणून नाचणारी ती येडी आज भेटली, तर तिच्या दोन्ही वेण्या धरून हलवीन. आई दारातून एवढंच म्हणाली, "पोरी, ऊस नगं बघू, बोटं बघ." आम्ही परतलो तेव्हा बोटं दाखवायला आई राहिली नव्हती.

आता मी इंग्लंडात, लेस्टरला, लेकाकडे. नात ईराच्या शाळेच्या लायब्ररीत देशोदेशीचा इतिहास सांगणारी चित्रांची पुस्तकं घ्यायची आहेत. ती कितपत खरी, हे तपासायला कमिटी नेमली, आणि आजीला भारतातलं सगळं ठाऊक म्हणून त्यात मी. मला जामखेडपलीकडचं फारसं ठाऊक नाही. पण खुर्ची मऊ होती, बसले.

ऊसतोडीच्या पुस्तकात पोपट काय, गुबगुबीत पोरं काय! "त्या घरात एकच कोयता होता," असं लिहिलंय. म्हणून चित्रात बाप एकटाच तोडतोय आणि आई चुलीपाशी बसून हसतेय. एका शब्दापायी अख्खी बाई उसाच्या फडातून गायब. शेवटच्या पानावर : "ही फार जुनी गोष्ट. आता सगळी मुलं शाळेत जातात."

"आजी, हॅपी एंडिंग! फॉर्मवर टिक कर ना," ईरा म्हणाली. मी पेन उचललंही. खोटं कशाला बोलू, ते पान मलाही हवं होतं.

तेवढ्यात गावाकडून भाच्याचा, दत्ताचा, व्हिडिओ कॉल. "मावशी, हिची कंबर धरलीय, उठता येईना झालंय. यंदा जोडीला गुड्डीला नेतो. आईतवारी सकाळी ट्रक हाय." त्याची बारा वर्षांची गुड्डी मोबाईलमध्ये डोकावून ओरडली, "आजी, मी आता अर्धा कोयता!" आणि खिदळली.

टिकची चौकट मी कोरीच सोडली.

फॉर्मवर लिहिलं : आईच्या हातात कोयता द्या. शेवटचं पान काढा, ते अजून घडलेलं नाही. मग लेकाला तिकीट काढायला लावलं. गुड्डीच्या आईचं दुखणंखुपणं मी बघेन, गुड्डी शाळेत जाईल. दत्ता म्हणतो, जोडीचे पैसे आधीच उचललेत, मुकादम ऐकायचा न्हाई.

इतकी वर्षं घर म्हटलं की मी जिथून सुटून आले ती जागा आठवायची. आता घर म्हणजे जिथून एक पोर निघायच्या बेतात आहे, ती जागा. माझं विमान रविवारी दुपारी उतरतं. गावात असाल त्यांनी सकाळी ट्रकपाशी जा, आणि मी येईस्तोवर तिचा हात सोडू नका.